पाणीबुवाची काळी परात

दर रविवारी सकाळी त्या जुन्या गोदामाबाहेर लागलेली रांग पेट्रोल पंपाला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरायची. आत, जिथे पूर्वी सिमेंटची पोती रचलेली असत, तिथे सतरंज्या अंथरलेल्या होत्या आणि शेकडो माणसं माना उंचावून एका परातीकडे बघत बसलेली असायची. परात काळ्या काचेची, काठोकाठ पाण्याने भरलेली. ती एका उंच स्टुलावर ठेवलेली, स्टुलाला जमिनीवर लोळणारं पांढरं कापड, आणि परातीमागे गुबगुबीत खुर्चीत पाणीबुवा.

“मी कोण?” तो म्हणायचा. “मी कुणी नाही. लिहिणारं पाणी. मी नुसता वाचणारा.”

बुवाच्या तोंडून निघालेलं हे एकमेव खरं वाक्य होतं, पण ते लोकांना कळायला अजून अवकाश होता.

त्या रविवारी पहिला नंबर एका शिंप्याचा लागला. बुवाने परातीवरून हात फिरवला, डोळे अर्धे मिटून पाण्यात बघितलं आणि सांगितलं की तुझ्या पित्ताशयात खडे आहेत, उजव्या तळहाताला कधीकाळी टाके पडलेत आणि तुझं रक्त फार थोड्या माणसांत सापडतं अशा गटाचं आहे. शिंप्याने मटकन खाली बसून कपाळ जमिनीला टेकवलं. मागे बसलेल्या एकाने बायकोला हळूच सांगितलं की ही गोष्ट त्या शिंप्याने सख्ख्या भावालाही सांगितलेली नव्हती. मग तुम्हाला कशी ठाऊक, असं बायकोने विचारलं नाही. दरबारात प्रश्न विचारायची पद्धतच नव्हती.

खांबाला टेकून, हाताची घडी घालून एकटी मास्तरीण उभी होती. ती पॉलिटेक्निकमध्ये मुलांना डेटाबेस, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नोंदवह्या, शिकवायची. मास्तरीण हे नाव तिच्या धाकट्या बहिणीने ठेवलेलं, आणि ते घरात, कॉलेजात, गल्लीत असं चिकटलं की मूळ नाव फक्त पगारपत्रकापुरतं उरलं. बुवाचं तोंडही बघायची तिला इच्छा नव्हती. पण पहिल्या ओळीत तिची आई बसलेली होती, हात जोडून, आणि आईला एकटीला सोडायचा तिला धीर होत नव्हता.

नाव ठेवणारी धाकटी गेल्या वर्षी गेली. तापाने फणफणलेली असतानाही कामावर निघाली, रस्त्यात चक्कर येऊन पडली, आणि लोकांनी तिला बेशुद्धावस्थेत मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात नेलं; गळ्यातल्या ओळखपत्रावरून तिचं नाव आणि घरचा नंबर तिथे नोंदला गेला. घरचे पोचेपर्यंत तिथल्या तरुण डॉक्टरने तिला पेनिसिलीन टोचलं होतं. पेनिसिलीन तिला विष होतं. ही गोष्ट त्याच रुग्णालयाच्या लॅबने आदल्या वर्षी शोधून नोंदवून ठेवलेली होती, पण लॅबचा डेटाबेस वेगळा आणि नोंदणीचा वेगळा. अपघात विभागातल्या डॉक्टरसमोर जो पडदा होता त्यावर फक्त नोंदणीचं दिसायचं. धाकटीचा जीव ज्या एका ओळीत अडकला होता, ती ओळ दोन मजले वर, दुसऱ्याच सर्व्हरवर पडून राहिली.

चौकशी झाली. रुग्णालयाचे सगळे कॉम्प्युटर ज्याच्या हाताखाली, त्या सिस्टीमसाहेबाने समितीपुढे सांगितलं की एका डेटाबेसमधून दुसऱ्या डेटाबेसमधलं नोंदींचं टेबल वाचणं इथे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे. मास्तरीण म्हणाली, हे मी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवते. साहेब हसला. “पुस्तकात सगळं जमतं, मॅडम. आम्हाला प्रत्यक्षात काम करावं लागतं.” समितीनेही मान डोलावली आणि ती कुणाचाच दोष नाही असा निष्कर्ष काढून मोकळी झाली. ते हसू मास्तरणीच्या डोळ्यांपुढून हलेना. भाजी निवडताना, पेपर तपासताना, रात्री कूस बदलताना ते तिला दिसायचं. न्याय वगैरे मोठे शब्द तिने कधीच सोडून दिले होते. तिला सूड हवा होता, आणि तसं ती स्वतःशी स्पष्ट म्हणायची.

तोच सिस्टीमसाहेब आता दर रविवारी बुवाच्या उजव्या हाताला मान खाली घालून बसायचा. टोकनाच्या टेबलाची व्यवस्था त्याच्याकडे. तिथे आपला मोबाइल नंबर द्यायचा, मग तासा-दोन तासांनी आपली पाळी आल्याचा मेसेज यायचा. एवढा शिकलेला, कॉम्प्युटरवाला माणूसही जिथे नतमस्तक होतो तिथे काहीतरी असणारच, असं लोक एकमेकांना सांगायचे. बुवाला याहून चांगली जाहिरात कुठे मिळणार?

आईची पाळी येऊन गेली होती ती मागच्याच रविवारी. तिच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे, हे बुवाने पाण्यात वाचलं. ती कुठल्या सालची, हेही वाचलं. मग तो क्षणभर थांबला, आवाज खाली आणला आणि धाकटीचं नाव घेतलं. घरात वर्षभर कुणी ते नाव मोठ्याने उच्चारलेलं नव्हतं. आई हुंदके द्यायला लागली तसा बुवा पाण्यावर वाकला आणि बायकी स्वरात म्हणाला, “आई, त्या दवाखान्याच्या गोळ्या घेऊ नकोस गं. त्यांनीच मला मारलं.”

त्या दिवसापासून आईने रक्त पातळ करणारी गोळी बंद केली. झडप धातूची, गोळी थांबली की तिच्यावर रक्ताची गुठळी धरणार, आणि ती सुटली की थेट मेंदूत. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं होतं. मास्तरणीने समजावलं, रागावली, रडली. एकदा गोळी कुटून चहात घातली, पण पहिल्याच घोटाला आईच्या ते लक्षात आलं आणि तेव्हापासून ती लेकीच्या हातचं पाणीही घेईना.

“तुला तुझी पुस्तकं खरी वाटतात ना,” आई म्हणाली, “मला माझी पोर खरी वाटते. तिचं नाव त्याला कुणी सांगितलं? कुठल्या डॉक्टरने सांगितलं? तू सांगितलंस?”

नाव मास्तरणीने सांगितलेलं नव्हतं, कुठल्या डॉक्टरनेही नाही. तेच तिला सगळ्यात जास्त झोंबत होतं.

सोमवारी ती आईच्या हृदयाच्या डॉक्टरांना घरी येण्याची विनवणी करायला रुग्णालयात गेली. डॉक्टर परगावी गेलेले. निदान चहा तरी घ्यावा म्हणून ती फाटकासमोरच्या टपरीकडे वळली, तर टपरी बंद. हा चहावाला भोंगा म्हणून प्रसिद्ध होता, कारण फाटकाशी उभं राहून त्याने हाक मारली की दुसऱ्या मजल्यावरचा पेशंट दचकून उठायचा. इतक्या वर्षांत टपरी कधी बंद नव्हती. मागच्या खोलीच्या दारात त्याची बायको चिंतेत बसलेली. म्हणाली, काल दरबारातून आले ते आडवेच झालेत, आता वाचत नाही म्हणतात.

मास्तरीण आत गेली. भोंगा चादर हनुवटीपर्यंत ओढून छताकडे बघत पडला होता आणि त्याचा तो आवाज अगदी भांड्याच्या तळाला गेला होता.

“माझं काही खरं नाही, ताई,” तो म्हणाला. “बुवांनी पाण्यात बघितलं आणि तेच घाबरले. म्हणाले, तू जिवंत कसा? एक किडनी गेलीये. फुप्फुसात पाणी आहे. खुब्याचं हाड मोडलंय. कावीळ आहे, मिरगी आहे.”

“खुब्याचं हाड मोडलंय आणि तू दरबारातून चालत आलास?”

“तेच तर. कृपा त्यांची.”

मास्तरणीला हसू आवरेना. काल सकाळपर्यंत दोन्ही हातांत किटल्या घेऊन पळणारा हा गडी, आणि त्याच्या एकट्याच्या अंगात अख्खा वॉर्ड भरती झालेला.

“आणि एक राहिलं,” भोंगा म्हणाला. “मला पेनिसिलीन चालत नाही म्हणे. टोचलं की खलास.”

मास्तरणीचं हसू गेलं. तिने स्टूल ओढलं आणि त्याच्या उशाशी बसली. आयुष्यात कधी पेनिसिलीन घेतलंय का, असं तिने विचारलं. कधीच नाही, तो म्हणाला. मग तिने विचारलं की टोकनाच्या टेबलावर नंबर कुणाचा दिला. स्वतःचाच, भोंगा म्हणाला. आणि हा नंबर रुग्णालयात आणखी कुणाकडे आहे?

आजाऱ्याच्या चेहऱ्यावर जरा अभिमान आला. अख्ख्या रुग्णालयाकडे आहे, तो म्हणाला. नोंदणीच्या खिडकीवर मोबाइलचा खाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. कुणाकडे फोन नसतो, कुणाला नंबर पाठ नसतो, मागे रांग तर ओरडत असते. मग खिडकीवरचा कारकून सरळ भोंग्याचा नंबर ठोकून देतो. काही निरोप असला की भोंग्याला फोन येतो आणि भोंगा फाटकातून त्या माणसाच्या नावाने हाक मारतो. वर्षानुवर्षं हेच चालू आहे आणि कधी कुणाचं अडलं नाही.

धाकटी त्या लॅबच्या तपासणीसाठी आली तेव्हा तिचा फोन दुरुस्तीला टाकलेला होता. मास्तरणीला ते लख्ख आठवलं.

वर्गात ती शिकवायची की दोन टेबलांचं लग्न लावायचं तर दोघांत एक तरी खाना सारखा लागतो, कुंडली जुळावी तसा. टेबलं वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या घरांत असली, तर आधी घराघरांत जाण्यायेण्याची वाट हवी: इथल्या सर्व्हरला तिथलं दार उघडायची परवानगी, एक वापरकर्ता, एक पासवर्ड. ती वाट झाली की बाकी काम चार ओळींचं. नोंदणीत पेशंटचा क्रमांक एक आणि लॅबमध्ये दुसराच, म्हणून काहीच जुळत नाही, असा साहेबाचा तेव्हाचा बचाव होता. पण दोन्हीकडे एक खाना सारखा होता. मोबाइल नंबर. कुणीतरी वाट पाडली होती आणि मोबाइलवर दोन्ही टेबलं जोडली होती. म्हणून भोंग्याचा नंबर घालताच ज्या ज्या बिनफोनवाल्याच्या नावापुढे तो नंबर होता, त्या सगळ्यांचे रोग एका ओळीखाली एक येऊन पडले, आणि बुवाने ते भोंग्याच्या अंगावर ओतले. नक्कल करणारं पोर शेजारच्याची चूकही जशीच्या तशी उतरवतं, तिथेच ते सापडतं.

आणि पाण्यात धाकटीचं नाव कसं आलं तेही आता उघड होतं. ती गेली त्या दिवशी तिच्या नोंदीत, मोबाइलच्या खान्यात, नातेवाईक म्हणून आईचा नंबर लिहिला होता.

मास्तरणीच्या अंगाचा तिळपापड झाला. फसवणुकीपेक्षाही दुसरीच गोष्ट तिला जाळत होती. जी वाट धाकटीच्या जिवासाठी अशक्य होती ती या भोंदूच्या तमाशासाठी शक्य होती, आणि ती पाडू शकणारा माणूस त्या इमारतीत एकच होता. भोंग्याला तिने उठवून बसवलं, तुला काहीही झालेलं नाही असं बजावलं आणि निदान रविवारपर्यंत तोंड बंद ठेवायची शपथ घातली. त्याच्यासाठी ती शिक्षा आजारापेक्षा मोठी होती.

तिथून ती लॅबच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. धाकटीची ती तपासणी यांनीच केली होती. दोन्ही डेटाबेस जोडा म्हणून त्या कित्येक वर्षं साहेबाच्या मागे लागलेल्या होत्या आणि दर वेळी तेच उत्तर ऐकून परतल्या होत्या. मास्तरणीचं सगळं ऐकून त्या उठल्या आणि आत्ताच अधीक्षकांकडे तक्रार करू म्हणाल्या.

“नको,” मास्तरीण म्हणाली. “तक्रार झाली की चौकशी बसेल. चौकशी बसेपर्यंत तो एका बटणाने जोडणी पुसून टाकेल आणि बुवा म्हणेल, बघा, सज्जनांचा छळ. माझी आई तर आणखीच घट्ट धरून बसेल त्याला. मला तो तिच्या डोळ्यांदेखत उघडा पडलेला हवाय. आणि हा साहेब पण.”

डॉक्टरीणबाईंनी फ्रिज उघडून एक बोटभर उंचीची बाटली टेबलावर ठेवली. मशिन बरोबर आकडे दाखवतं की नाही हे तपासायला कारखान्यातून असं तयार द्रव येतं. त्यात साखर, युरिया मुद्दामच चढे ठेवलेले असतात. रोज सकाळी ही बाटली मशिनला पेशंट म्हणूनच द्यावी लागते, कारण नाव आणि नंबर टाकल्याशिवाय मशिन काही तपासतच नाही. आजवर त्या नंबराच्या जागी नुसती शून्यं टाकत.

मास्तरणीने बाटली उचलून उजेडात धरली. कित्येक दिवसांनी ती मनापासून हसली, पण ते हसू काही गोड नव्हतं.

तिसरा माणूस लागणार होता, दरबारात अनोळखी. कॉलेजचे खेळाचे सर तयार झाले. साठीला टेकलेले, पण पहाटे पोरांच्या पुढे धावणारे. त्यांनी कुणालाही ठाऊक नसलेला नवा नंबर घेतला, रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीवर गेले आणि लहानपणी पाठीच्या कण्यात लोखंडी सळई बसवली आहे, ती दुखते, असं सांगून केसपेपर काढला. ही थाप नोंदणीच्या डेटाबेसमध्ये गेली. लॅबकडे ते फिरकलेच नाहीत. तिथे डॉक्टरीणबाईंनी बाटलीची तपासणी त्याच नव्या नंबरावर लावली. आता अर्धं खोटं इकडे होतं आणि अर्धं तिकडे. जगात असा कुणी माणूसच नव्हता ज्याच्या अंगात ही दोन्ही खोटी एकत्र नांदत होती. ती एकत्र यायची तर एकाच जागी येऊ शकत होती.

मधले दिवस मास्तरणीने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. आई जिना चढताना थांबली की ही हातातलं टाकून धावत यायची. रात्री उठून ती आईचा श्वास ऐकत बसायची आणि बुवाला शिव्या घालायची, अशा की पॉलिटेक्निकच्या पोरांनाही नव्या वाटल्या असत्या.

रविवारी आई नेहमीप्रमाणे पहिल्या ओळीत बसली. मास्तरीण खांबाशी. डॉक्टरीणबाई तोंडावर पदर घेऊन बायकांत, आणि भोंगा दाराशी, हातात रिकामी किटली घेऊन. खेळाच्या सरांच्या टोकनाला मेसेज आला तेव्हा दुपार व्हायला आली होती. ते वाकत, कण्हत, कमरेवर हात ठेवून परातीपुढे गेले. नटाचं काम त्यांना भलतंच आवडलेलं दिसत होतं.

बुवाने हात फिरवला. डोळे अर्धे मिटले.

“अरेरे,” तो म्हणाला. “पाणी थरथरतंय बघा. तुझ्या रक्तात साखर नाही रे बाबा, साखरेत थोडं रक्त आहे. मूत्रपिंडं थकलीत. युरिया किती चढलाय! डॉक्टरांनी कधी सांगितलं तुला?”

“नाही, महाराज,” सर म्हणाले, आणि ते खरंच होतं.

“ते काय सांगणार? त्यांना यंत्रं लागतात. आणि थांब, हे काय चमकतंय? पाठीत लोखंड आहे तुझ्या. लहानपणापासून वागवतोयस. सळई आहे ना?”

गोदामात एकच सुस्कारा उमटला. आईने मागे वळून लेकीकडे बघितलं, आता तरी बघ, अशा नजरेने.

“महाराज, नक्की सळई आहे?” सरांनी विचारलं.

“पाणी खोटं बोलत नाही.”

खेळाच्या सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, दोन पावलं मागे सरले आणि सतरंजीवर कोलांटी मारली. मग उलट कोलांटी. मग मागे वाकून दोन्ही तळवे जमिनीला टेकवले आणि कमान करून तसेच उभे राहिले. त्या अवस्थेतच त्यांनी सांगितलं की सळई बहुतेक घरी विसरलो.

कुणीतरी फिसकन हसलं. साहेब खुर्चीतून अर्धा उठला. तेवढ्यात डॉक्टरीणबाई पुढे आल्या आणि त्यांनी ती बाटली उंच धरली. त्या शांतपणे म्हणाल्या की ज्या रक्ताची साखर बुवांनी आत्ता वाचली ते रक्त या बाटलीतलं आहे. ही कारखान्यात तयार होते. हिला मूत्रपिंडं नाहीत, त्यामुळे ती थकलेलीही नाहीत.

बुवा कच्चा नव्हता. “पापी लोक परीक्षा बघायला आले की पाणी गढूळ होतं,” तो गरजला. “यांना बाहेर काढा.”

पण मास्तरीण परातीपर्यंत पोचलेली होती. वर्षभराचा राग दोन्ही हातांत आणून तिने परात उलटी केली. पाणी बुवाच्या मांडीवर सांडलं. पांढरं कापड स्टुलावरून घसरलं आणि परातीच्या बरोबर खाली, खाचेत तोंड वर करून ठेवलेला, रुंद पडद्याचा उजळलेला टॅब दिसला. त्यावर खेळाच्या सरांचा नंबर, त्याखाली डाव्या बाजूला सळई आणि उजव्या बाजूला साखर. परातीच्या काळ्या काचेतून तो फक्त वरून, बुवाच्या जागेवरूनच दिसत असे.

साहेब दाराकडे निघाला होता. दारात भोंगा उभा होता, आणि आठवडाभर दाबून ठेवलेला आवाज त्याने एकदाच मोकळा सोडला. “साहेब, माझी किडनी देऊन जा की.” साहेब दोन पावलं मागे सरकला.

मास्तरणीने लोकांना सगळं सांगितलं, वर्गात सांगते तसं. नोंदणीच्या खिडकीवर तुम्हीच तुमची दुखणी सांगता, लॅबमध्ये तुम्हीच रक्त देता, टोकनाला तुम्हीच नंबर देता. तिन्ही तुमच्याच तोंडची आणि तुमच्याच अंगातली. ती जोडून कुणी तुम्हाला परत ऐकवली तर त्यात दैवी ते काय? आधीच्या रविवारच्या शिंप्याने हळूच आपल्या तळहाताकडे बघितलं. मागून एक म्हातारे गृहस्थ तरीही म्हणाले की बुवांनी बायांना मेलेल्यांचे आवाज ऐकवले, ते काय कॉम्प्युटर बोलला?

तेव्हा आई उठली.

गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश, ती साहेबापाशी गेली. त्याला घेऊन टॅबपाशी आली. कुणी तिला थांबवलं नाही. मास्तरणीलाही आई काय करणार ते कळेना.

“माझ्या धाकट्या मुलीचं नाव घाल यात,” आई म्हणाली.

साहेब म्हणाला की हे योग्य होणार नाही. आईने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. साहेबाने नंबराऐवजी नावाने दोन्ही डेटाबेसमध्ये शोध लावला. डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर ओळ आली. डावीकडे: बेशुद्ध, अपघात विभाग, आणि तारीख. उजवीकडे: पेनिसिलीन, तीव्र ॲलर्जी, देऊ नये.

“ही जोडणी कधी केलीस?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. दरबार दोन वर्षं चालू होता आणि परात पहिल्या दिवसापासून होती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. समितीपुढे तो अशक्य म्हणाला तेव्हा ही वाट पडून, मळून, गुळगुळीत झालेली होती.

आईने पडद्यावरच्या उजवीकडच्या ओळीवर बोट ठेवलं. मग तिने साहेबाला विचारलं, “आत्ता हे यायला किती वेळ लागला?”

“लगेच आलं,” तो पुटपुटला.

“तेवढाच वेळ हवा होता तिला,” आई म्हणाली.

तिने हात उगारला नाही, शिवी दिली नाही. पण गोदामात उठलेली माणसं खाली बसली नाहीत. बुवा भिजलेल्या धोतरानिशी मागच्या खिडकीकडे सरकत होता, त्याला बायकांनीच अडवलं. ज्या बायकांना त्याने मेलेल्या लेकरांचे, नवऱ्यांचे आवाज ऐकवले होते त्या त्याला घेरून उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीने त्याला पुन्हा तो आवाज काढून दाखवायला सांगितलं. पोलीस येईपर्यंत त्याला ते करावं लागलं. दर वेळी आवाज एकच निघत होता. ही शिक्षा मास्तरणीने ठरवलेली नव्हती, पण खांबाला टेकून तिने ती शेवटपर्यंत ऐकली आणि तिला मुळीच वाईट वाटलं नाही.

आई मात्र थांबली नव्हती. डॉक्टरीणबाईंचा हात धरून ती रिक्षात बसली आणि लॅबमध्ये जाऊन तिने स्वतःहून बाही वर केली. रक्त घट्ट व्हायला लागलं होतं, पण गुठळी धरलेली नव्हती. तिला त्याच दिवशी भरती करून घेतलं. रात्री ती लेकीला म्हणाली, “तो आवाज तिचा नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं गं. ती मला आई म्हणत नव्हती, आयडे म्हणायची. पण मला ऐकायचं होतं, म्हणून मी ऐकलं.” मास्तरणीने गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला, आणि आईने तो तिच्या हातून घेतला.

साहेबावर गुन्हा दाखल झाला, बुवाच्या दक्षिणेतला त्याचा वाटाही उघड झाला आणि चौकशी नव्याने बसली. अपघात विभागाच्या पडद्यावर आता लॅबचं टेबल दिसतं. ते काम मास्तरणीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी, डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली, एका दुपारी केलं. कारकुनाला भोंग्याचा नंबर टाकायची सक्त मनाई झाली.

पाणीबुवा आत गेला म्हणून बुवा संपले असं समजायचं कारण नाही. पुढचा येईल, आणि त्याच्याकडे परात नसेल, दुसरंच काही असेल. तो तुमचं दुखणं सांगेल, तुमच्या मेलेल्या माणसाचं नाव घेईल, तुमच्या डोळ्यांत पाणी आणेल. तेव्हा रडू आलं तर खुशाल रडा. पण कपाळ जमिनीला टेकवण्याआधी ताठ उभं राहून त्याला एवढंच विचारा, की बाबा रे, हे तुला सांगितलं कुणी? आणि तो उत्तर देईपर्यंत घेत असलेली एकही गोळी बंद करू नका.